पुढचं प्रकरण कधी?

गेल्या दीड महिन्यात माकोतो युकिमुरा यांचा 'विनलँड सागा' हा मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, पहिल्या खंडापासून एकोणतिसाव्यापर्यंत सलग वाचून काढला. त्यातलं बाकी काय विसरेन ठाऊक नाही, पण शेतीचा भाग विसरणार नाही. तोवरची गोष्ट रक्तानं माखलेली आहे. वायकिंगांच्या टोळ्या, लुटालूट, बापाला मारणाऱ्याचा सूड घ्यायला टपलेला पोरगा. मग तोच पोरगा, थॉर्फिन, गुलाम म्हणून डेन्मार्कमधल्या एका शेतावर विकला जातो. हातातल्या सुऱ्या जातात आणि कुऱ्हाड येते. आइनार नावाच्या दुसऱ्या गुलामाबरोबर त्याला जंगल तोडून जमीन पेरणीजोगी करायची आहे. झाड पाडणं त्यातल्या त्यात सोपं, जीव जातो तो बुंधा उपटताना. मुळं खणायची, दोर बांधायचा, ओढायचं, पुन्हा खणायचं. शेजारच्या म्हाताऱ्याकडून घोडा मिळावा म्हणून आधी त्याची कामं करून द्यायची. मग नांगरट, मग पेरा आणि मग एका सकाळी काळ्या मातीतून वर आलेले गव्हाचे कोंब. ते बघताना थॉर्फिनचा चेहरा जसा काढलाय, तसा त्याआधीच्या सात-आठ खंडांत एकदाही नाही. किती माणसं मारली याचा हिशोब ज्यानं कधी ठेवला नाही, त्याच्या हातून पहिल्यांदा काहीतरी उगवलं आहे.

हे सगळं घाई न करता चालतं. कित्येक पानांवर तर फक्त आभाळ आहे, औतानं उलटलेली ढेकळं आहेत आणि दोन पाठमोरी माणसं आहेत.

'विनलँड सागा' एप्रिल २००५मध्ये 'वीकली शोनेन मॅगझिन' या साप्ताहिकात सुरू झाला. दर आठवड्याचा वेग युकिमुरांना झेपेना. त्याच वर्षाच्या शेवटी कोदान्शा या त्याच प्रकाशनाच्या 'आफ्टरनून' मासिकात तो हलवला गेला आणि जुलै २०२५मध्ये वीस वर्षांनी तिथेच संपला. साप्ताहिकातच राहिला असता तर शेतीचा भाग असा झाला असता का, याचं उत्तर कुणी पुराव्यानिशी देऊ शकणार नाही. मला विचाराल तर नसता झाला. बुंधा उपटायला इतकी पानं साप्ताहिकात कोण देणार?

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. दर आठवड्याला प्रकरण हवंच, हा हट्ट मांगाच्या कलेनं धरलेला नाही. तो धंद्याला लागलेल्या सवयीतून आला आणि तो जिवंत ठेवण्यात आपण वाचक-प्रेक्षक बरोबरीनं सामील आहोत. आपण तो सोडायला हवा. कलाकारांवर उपकार म्हणून हे मी म्हणत नाही. आपल्याला जे वाचायचं आहे, जे पाहायचं आहे, ते त्याशिवाय मिळणार नाही म्हणून म्हणते.

हा धंदा चालतो कसा ते आधी बघू. शुएइशा या प्रकाशनाचं 'शोनेन जम्प' हे मांगाचं नियतकालिक १९६८मध्ये सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी साप्ताहिक झालं. १९९५च्या एका अंकाच्या ६५ लाख ३० हजार प्रती निघाल्या होत्या. अंकात एक पोस्टकार्ड असतं. वाचकानं आवडलेल्या तीन मालिकांवर खूण करून ते पाठवायचं. कार्डांच्या मोजणीत जी मालिका सतत तळाला राहते, ती गुंडाळली जाते, कधी कधी दहा-वीस प्रकरणांतच. टिकायचं तर आठवड्याला साधारण एकोणीस पानं द्यायची. आधी कच्चा आराखडा, तो संपादकाला दाखवायचा, त्यानं परत पाठवला तर पुन्हा करायचा, मग पेन्सिल, मग शाई. मागची दृश्यं आणि छटा भरायला मदतनीस असतात, पण गोष्ट आणि चेहरे एकाच माणसाच्या मानगुटीवर. सहा दिवस मान मोडून काम केलं की सातव्या दिवशी पुढच्या प्रकरणाचा आराखडा.

या पद्धतीतून काय निपजतं ते पानांवर दिसतं. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटच्या चौकटीत धक्का हवा. मारामारी रंगली आणि कार्डं वाढली की ती महिनाभर लांबवायची. एखादं पात्र लोकांना भावलं की त्याला मरू द्यायचं नाही. साप्ताहिकांतल्या मालिका मी आजही चवीनं वाचते आणि त्यांतला जोर खोटा आहे असं मला म्हणायचं नाही. दर आठवड्याला वाचकाच्या तोंडावर गोष्ट सांगण्यात एक रग असते, ती वर्षभर खोलीत बसून लिहिलेल्या गोष्टीत येईलच असं नाही. पण काही गोष्टी या वेगात मावत नाहीत. शांतता मावत नाही. माणूस हळूहळू बदलतो, ते मावत नाही.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो आणि तो वजनदार आहे. ओसामु आकिमोतो यांनी 'कोचिकामे' ही मालिका १९७६ ते २०१६ अशी चाळीस वर्षं त्याच 'जम्प'मध्ये एकाही अंकाचा खाडा न करता चालवली. खंड झाले दोनशे. रुमिको ताकाहाशी १९७८पासून साप्ताहिकात काढत आल्या आहेत. मग बाकीच्यांनाच का जमू नये? पण आकिमोतोंनी काम कसं केलं ते पाहा. त्यांनी आपला स्टुडिओ कचेरीसारखा चालवला. यायची-जायची वेळ ठरलेली, मदतनीस पगारी, रात्री जागून काम उरकायची पद्धत नाही. शिवाय 'कोचिकामे' ही बहुतेक प्रत्येक प्रकरणात संपणारी विनोदी गोष्ट, तिला वीस वर्षांचं एकच कथानक पेलायचं नव्हतं. म्हणजे चाळीस वर्षं टिकलेला माणूस नेमका झोपमोड न करणारा निघाला. त्याचं उदाहरण बाकीच्यांना राबवून घ्यायला कसं वापरता येईल?

झोपेवरून शिगेरु मिझुकी आठवतात. दुसऱ्या महायुद्धात डावा हात गमावलेला आणि उरलेल्या एका हातानं जपानी भुताखेतांचं अख्खं जग उभं करणारा हा माणूस. झोपेची ताकद सांगणारी त्यांची एक छोटीशी चित्रकथा आहे. तिच्यात ओसामु तेझुका आणि शोतारो इशिनोमोरी हे दोन नामवंत मांगाकार एका समारंभात भेटतात आणि आपण किती रात्री जागलो ते एकमेकांना अभिमानानं सांगतात. मिझुकी म्हणतात, मी तर कितीही काम असो, भरपूर झोपतो. तेझुका १९८९मध्ये साठाव्या वर्षी गेले. इशिनोमोरी १९९८मध्ये गेले, तेही साठाव्याच वर्षी. मिझुकी २०१५मध्ये गेले तेव्हा त्र्याण्णव वर्षांचे होते. तीन माणसांवरून नियम काढता येत नाही, आणि तेझुकांना कर्करोग होता हेही खरं. पण जागरणाचा अभिमान बाळगणारी एक पिढी आणि तो अभिमान कौतुकानं ऐकणारे आपण, हे चित्र मिझुकींनी बरोबर पकडलं आहे.

योशिहिरो तोगाशींच्या बाबतीत आपण याहून वाईट वागलो. 'हंटर × हंटर' १९९८मध्ये सुरू झाला आणि गेली कित्येक वर्षं तो थांबत-थांबत येतो. २०१८च्या शेवटापासून २०२२च्या ऑक्टोबरपर्यंत सलग जवळजवळ चार वर्षं एकही प्रकरण आलं नाही. कारण लपलेलं नव्हतं: पाठ आणि कंबर. खुर्चीत बसून काढणं दोन वर्षं शक्यच नव्हतं, असं त्यांनी स्वतः सांगितलं. २०२२च्या मे महिन्यात त्यांनी ट्विटरवर खातं उघडलं आणि कागदाच्या एका कोपऱ्याचा फोटो टाकला. थोड्याशा रेघा, एखादं झाड, खाली पानाचा क्रमांक. जगभरातून लाखो लोक त्या कोपऱ्यापाशी गोळा झाले. त्याच गर्दीत त्यांना आळशी म्हणणारे, पैसे मिळाल्यावर काम टाकलं म्हणणारे, वर्षानुवर्षं तोच शेरा मारणारेही होते. माणूस आडवा पडून चित्रं काढतोय आणि आपण विचारतोय, पुढचं कधी? त्याच वर्षाच्या अखेरीस, ही मालिका यापुढे साप्ताहिक पद्धतीनं छापली जाणार नाही असं 'जम्प'नं जाहीर केलं. हा निर्णय दहा वर्षं आधी झाला असता तर काय बिघडलं असतं?

ॲनिमेकडे, म्हणजे जपानी ॲनिमेशनकडे, वळले की हीच गोष्ट जास्त उघडीवाघडी दिसते, कारण तिथे एका माणसाची पाठ नसते, शेकडो हात असतात. १ जानेवारी १९६३ रोजी तेझुकांचा 'आटम' टीव्हीवर सुरू झाला आणि दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग हा पायंडा पडला. तेझुकांनी भाग खर्चापेक्षा कमी किमतीत विकले. सेकंदाला चोवीस चित्रांऐवजी आठ काढायची, तीच हालचाल साठवून पुन्हा पुन्हा वापरायची, तोंड फक्त हलवायचं, या युक्त्यांवर ते निभावलं. त्यातून एक नवी शैली जन्माला आली हे मान्यच. पण स्वस्तात आणि दर आठवड्याला, ही जोडगोळीही तिथेच जन्मली. पुढची कित्येक दशकं मधली चित्रं भरणाऱ्या नवख्या चित्रकारांना पैसे चित्रामागे मिळत राहिले, एका चित्राला साधारण दोनशे येन. मालिका जगभर गाजली तरी नफा जातो तो पैसे लावणाऱ्या कंपन्यांच्या समितीकडे. स्टुडिओचा त्या समितीत वाटा नसेल तर त्याला ठरलेली मजुरी तेवढी मिळते.

वेगाचा तोटा कलेला कसा होतो ते 'वन पीस'मध्ये दिसतं. एइइचिरो ओदांचा मांगा १९९७चा, ॲनिमे १९९९चा. ॲनिमेचे भाग दर आठवड्याला यायला लागले की ते मांगाला गाठणार, हे उघड होतं. मग पाणी घालून वाढवणं आलं. मांगात दोन पानांत आटोपणारा प्रसंग पडद्यावर वीस मिनिटं चालतो. प्रत्येक पात्राचा आ वासलेला चेहरा आळीपाळीनं, धावताना तीच गल्ली चारदा, सुरुवातीला मागच्या भागाची उजळणी. ओदांची पानं किती गच्च भरलेली आणि चपळ आहेत ते ज्यांनी फक्त ॲनिमे पाहिला त्यांना कळायला मार्गच नाही. आता, पंचवीस वर्षांहून अधिक काळानंतर, २०२६पासून वर्षाला जास्तीत जास्त सव्वीस भाग करायचं ठरलं आहे. ही बातमी वाचून कुरकुर करणारे पुष्कळ दिसले. मला मात्र मोकळं वाटलं.

वेळ मिळाला की काय होतं तेही याच वर्षात पाहिलं. 'फ्रीरेन' हा ॲनिमे मी उशिरानं पाहिला. मांगा कानेहितो यामादा आणि त्सुकासा आबे यांचा, २०२०पासून 'शोनेन संडे'त. म्हणजे तोही साप्ताहिकातलाच, आणि तरीही शांत. माझ्या म्हणण्याला हा छेद जातो हे मला कळतं. पण ही मालिका मधे मधे थांबत, श्वास घेत आलेली आहे. साप्ताहिकाच्या पानांतही ढील देता येते, हेच त्यातून दिसतं.

गोष्ट सुरू होते ती राक्षसराजाचा पराभव झाल्यानंतर, म्हणजे इतर गोष्टी जिथे संपतात तिथे. नायिका फ्रीरेनला हजार वर्षांहून जास्त आयुष्य आहे, तिच्या लेखी दहा वर्षांचा प्रवास म्हणजे डोळ्याची पापणी लवली. पन्नास वर्षांनी ती परत येते तेव्हा तिचा सोबती हिमेल म्हातारा झालेला असतो आणि थोड्याच दिवसांत जातो. दफनाच्या वेळी ती रडते. माणसाचं आयुष्य छोटं असतं हे ठाऊक होतं, मग या माणसाला जाणून का घेतलं नाही, असं म्हणत रडते. पुढे हिमेलच्या पुतळ्याभोवती लावायला त्याला आवडणाऱ्या निळ्या फुलांचा शोध ती सहा महिने घेत राहते, आणि तिच्याबरोबरच्या कोवळ्या मुलीला कळत नाही की एका फुलापायी इतके दिवस का. दिग्दर्शक केइइचिरो साइतो आणि मॅडहाउस स्टुडिओनं हे सहा महिने तुम्हाला जाणवू दिले आहेत. झाडाची सावली सरकते, वारा येतो, कुणीच काही बोलत नाही. मांगात या जागा दोन-तीन चौकटींच्या आहेत. ॲनिमेनं त्या ताणलेल्या नाहीत, भरल्या आहेत. 'वन पीस'च्या वीस मिनिटांत आणि या वीस मिनिटांत फरक आहे तो कुणीतरी बसून विचार केल्याचा, आणि विचाराला वेळ लागतो.

तात्सुकी फुजिमोतो यांचा 'लूक बॅक' तर दोनदा वाचला आणि मग चित्रपट पाहिला. मांगा २०२१चा, एकाच वेळी प्रसिद्ध झालेली १४३ पानं. दर आठवड्याचे तुकडे नाहीत, मधे धक्के द्यायची सक्ती नाही. शाळेच्या पत्रकात चार चौकटींची चित्रकथा काढणारी फुजिनो, आणि शाळेतच न येणारी, पण थक्क करणारी चित्रं काढणारी क्योमोतो. फुजिनो हार मानून चित्रं सोडते. मग एके दिवशी कळतं की क्योमोतो तिला गुरू मानते, तिची सही मागते. घरी परतताना पाऊस सुरू होतो. मांगात तिथे फुजिनोचं शब्दाविना उड्या मारत जाणं आहे, आणि एका मोठ्या चित्रावर वाचक हवा तेवढा थांबतो. चित्रपटात कियोताका ओशियामांनी तिला खरंच पळवली आहे: वेडीवाकडी, हातपाय कुठेही फेकत, चिखल उडवत. अंगात मावेनासा आनंद कसा दिसतो, ते त्यांच्या पेन्सिलीच्या रेघेत दिसतं. ती रेघ त्यांनी गुळगुळीत केलेली नाही, हाताचा थरथराट तसाच ठेवला आहे. पुष्कळशी चित्रं त्यांनी स्वतः काढली. चित्रपट जेमतेम ५८ मिनिटांचा.

दोन्हींत पुन्हा पुन्हा एकच दृश्य येतं. टेबलाशी बसून काढणारी पाठमोरी मुलगी, समोर खिडकी, आणि खिडकीत बदलणारे ऋतू. पहिल्यांदा वाचताना मी ती पानं भराभर उलटली होती, पुढे काय होतं ते हवं होतं म्हणून. दुसऱ्या वेळी थांबले. कपाटातल्या वह्यांचा ढीग वाढतो, दिवा तोच राहतो, पाठ जराशी वाकत जाते. मांगा काढणं म्हणजे नक्की काय, ते या पाठीत आहे, आणि मी ते उलटून गेले होते.

क्योतो ॲनिमेशनबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण जास्त लिहवत नाही. चित्रामागे पैसे देण्याऐवजी आपल्या चित्रकारांना पगारावर ठेवणारा, त्यांना शिकवून तयार करणारा हा स्टुडिओ. १८ जुलै २०१९ रोजी तिथे लावलेल्या आगीत ३६ माणसं गेली. 'व्हायोलेट एव्हरगार्डन'चा चित्रपट आधी जाहीर झालेल्या तारखांवर आला नाही, शेवटी सप्टेंबर २०२०मध्ये आला. तेव्हा जगभरचे प्रेक्षक थांबले. हवा तेवढा वेळ घ्या, आम्ही इथेच आहोत, असंच जो तो म्हणत होता. म्हणजे थांबणं आपल्याला जमतं. मग जो माणूस अजून जिवंत आहे, ज्याची फक्त कंबर गेली आहे, त्याच्यासाठी ते का जमू नये?

संपादक, समित्या, वाहिन्या यांचा दोष मोठा आहे आणि बदल मुख्यतः त्यांनीच करायचा आहे. पण ते ज्या आकड्यांकडे बघतात ते आकडे आपण आहोत. प्रकाशनाच्या आधी फुटलेली पानं चोरून वाचायची घाई आपली असते. 'मांगा प्लस' या शुएइशाच्या ॲपवर २०१९पासून नवी प्रकरणं जपानबरोबरच फुकट आणि अधिकृतपणे मिळतात, तरी दोन दिवस निघत नाहीत. मालिकेचा शेवटचा भाग संपायच्या आत पुढच्या हंगामाची तारीख मागणारेही आपणच. एखादी मालिका थांबली की तिच्या कलाकाराची आधीची संपलेली कामं वाचता येतात, पूर्ण झालेले खंड विकत घेता येतात. त्यातून त्याला सुट्टीतही उत्पन्न मिळतं, आणि आपल्या हाती अख्खी गोष्ट लागते.

हे मी एवढ्या पोटतिडकीनं लिहितेय त्याला कारण आहे. केन्तारो मिउरांचा 'बर्सर्क' १९८९पासून चालू होता आणि मी त्याच्या मागे वर्षानुवर्षं होते. नायक गट्स आणि त्याचे सोबती जहाजात बसले आणि मालिका मधे मधे थांबत राहिल्यामुळे ते वर्षानुवर्षं जहाजातच राहिले. त्यावर वाचक वैतागायचे, आणि मीही वैतागले. मित्रमैत्रिणींना लिहिलं होतं की या माणसाला आता गोष्ट संपवायचीच नाही. त्या काळातली पानं आज उघडून बघते. लाटेच्या एका दृश्यात पाण्याची प्रत्येक शीर वेगळी काढली आहे, जहाजाच्या दोरखंडाचा पीळ न् पीळ दिसतो, मागे धुक्यात उभ्या असलेल्या नगण्य खलाशाच्या बाहीलाही चुण्या आहेत. हा माणूस तेव्हा काय करत होता ते पानावर लिहिलेलं होतं. ६ मे २०२१ रोजी मिउरा गेले, हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी फाटून. वय ५४. मी ते वाक्य लिहिलं होतं ते पुसता येत नाही.

वर्षभरानं, २०२२च्या जूनमध्ये, मालिका पुन्हा सुरू झाली. काढतात ते मिउरांचे मदतनीस, आणि देखरेख कोजी मोरी यांची. मोरी हे मिउरांचे शाळेपासूनचे मित्र, स्वतः मांगाकार. जवळजवळ तीस वर्षांपूर्वी मिउरांनी त्यांना शेवटपर्यंतची गोष्ट सांगितली होती. सुरुवातीलाच मोरींनी वाचकांना कळवलं की मिउरांनी सांगितलं तेवढंच येईल, पदरचं काही घालणार नाही, नीट आठवत नाही ते लिहिणार नाही. प्रकरणं सावकाश येतात, मधे महिने जातात. मी आलेलं प्रकरण दोनदा वाचते, एकदा गोष्टीसाठी आणि एकदा रेघांसाठी, आणि पुढचं कधी येणार ते आता विचारत नाही.